जुनी डिझेल गाडी, आणि महिन्याचे किलोमीटर

जुनी छोटी डिझेल गाडी घ्यावी का, असं बार्शीत कुणालाही विचारून बघा. चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, कोर्टाच्या आवारात. "डिझेल ना? डोळे झाकून घ्या," हेच उत्तर येतं. ज्याने आयुष्यात स्प्लेंडरपलीकडे काही चालवलं नाही तोही हेच सांगतो. गेले तीन महिने हे ऐकत मी गाडी शोधत होतो. शेवटी घेतली, आणि डिझेलचीच घेतली. पण डोळे झाकून नाही. या शोधात जे कळलं ते इथं लिहितोय, कारण आपल्यातले बरेच जण याच बजेटात आणि याच रस्त्यांवर आहेत. बजेट म्हणजे सगळ्या कागदपत्रांसह तीन लाख. त्यातले सव्वा लाख पतसंस्थेचे.

गाडी हौसेची नव्हती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाळा सत्तावीस किलोमीटरवर. आईला शुगर, त्यातून डोळ्याच्या पडद्याचा त्रास. महिन्यातून दोनदा सोलापूरला न्यावं लागतं, कधी तपासणीला, कधी डोळ्यात इंजेक्शन द्यायला. येताना एका डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी, आणि सत्तर किलोमीटर एसटी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही निर्णय चांगलेच. पण आईला तिकिटाची अडचण कधीच नव्हती, अडचण बसायच्या जागेची होती. बायकोला तिकीट अर्धं झालं, पण साडेनऊची गाडी साडेनऊला येणं काही त्या सवलतीत बसत नव्हतं. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा रोज बातम्या देत होतो. त्या काळात माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी जुन्या गाड्या घेतल्या, त्यातला एकही परत स्टँडवर दिसला नाही.

तर हे "डोळे झाकून" कुठून आलं?

२०१२ आठवा. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं आणि डिझेल होतं ४१ च्या आसपास. लिटरमागे तीस रुपयांचा फरक. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच मोकळे केले होते, डिझेलचे मात्र धरून ठेवले होते. शेतकरी, ट्रक, एसटी यांच्यासाठी म्हणून ठेवलेलं ते स्वस्त डिझेल शहरातल्या मोटारीत जात होतं. त्या दोन-तीन वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. मग २०१३ च्या जानेवारीपासून महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढ सुरू झाली आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलही मोकळं झालं. त्याला आता दहा वर्षं उलटून गेली. आपल्या डोक्यातला भाव मात्र अजून २०१२ चाच आहे.

मी हिशेब मांडला तेव्हा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरलं. फरक तेराचा. तेरा रुपये कमी नाहीत, शिवाय डिझेल गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जास्त देते. पण ही बचत लिटरमागे होत असते, आणि लिटर किती जळणार हे ठरतं तुम्ही महिन्याला किती फिरता त्यावर. हे कुणीच विचारत नाही. "किती देते?" हे सगळे विचारतात, "किती फिरवणार?" हे कुणी नाही.

बायकोने महिनाभर वही ठेवली. शाळेचे चोवीस दिवस, रोजचे चोपन्न, झाले १,२९६. सोलापूर दोनदा, २८०. लग्नकार्य, बाजार, माझी एखादी लांबची बातमी मिळून सव्वाशे. एकूण सतराशेच्या आसपास. जुनी छोटी पेट्रोल गाडी पंधरा देते असं धरलं तर महिन्याला ११,८०० रुपयांचं पेट्रोल. डिझेल एकोणीस देते धरलं तर ८,१०० चं डिझेल. महिन्याला साडेतीन हजारांच्या वर फरक, वर्षाला चव्वेचाळीस हजार. इथं डिझेलला अर्थ आहे.

आता माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण घ्या. तोही डिझेलच्याच मागे आहे. त्याचं फिरणं महिन्याला चारशे किलोमीटर, तेही जास्त करून गावातल्या गावात. त्याच भावाने त्याची बचत महिन्याला साडेआठशे, वर्षाला दहा हजार. डिझेल गाडीचे चारपैकी दोन इंजेक्टर नवे टाकायची वेळ आली तर दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी गॅरेजवर जाते. शिवाय त्याच सालाची, तेवढीच चाललेली डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा महाग मिळते ते वेगळंच. त्याला मी स्पष्ट सांगितलंय, तू पेट्रोल घे. त्याला ते पटलेलं नाही. तो म्हणतो, डिझेलला ताकद असते. चारशे किलोमीटरला कसली ताकद पाहिजे, देव जाणे.

सीएनजीचं विचाराल. खरं सांगायचं तर किलोमीटरमागे सीएनजी डिझेललाही मागे टाकतं. किलोला नव्वद आणि पंचवीसचं मायलेज धरलं तर किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये, डिझेलला पावणेपाच. मी घेतली नाही त्याची कारणं दोन. एक, डिकीत टाकी आली की आईचा वॉकर कुठं ठेवायचा. दुसरं, पंपावरची रांग. साडेनऊला शाळेत पोचायचं असलेल्या बाईने सकाळी आठला रांगेत उभं राहायचं, हा हिशेब रुपयांत मांडता येत नाही. ज्याच्या घराजवळ पंप आहे आणि घरात वॉकर नाही, त्याने जरूर सीएनजी बघावी. फक्त किट आरसीवर चढवलेलं आहे का ते आधी बघा. बाहेरून बसवलेलं आणि नोंद नसलेलं किट म्हणजे विम्याच्या दाव्याच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कारण.

पेट्रोलमध्ये आणखी एक भानगड वाढली आहे, वीस टक्के इथेनॉलची. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. मायलेज थोडं घटतं हे सरकारनेही मान्य केलंय. आता सोलापूर जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं बरं दिसत नाही, अर्ध्या पाहुण्यांची उसाची बिलं त्यावर अवलंबून. पण दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेताना रबरी पाइप आणि गॅस्केटचा विचार करावा लागतो. डिझेलवाल्याला सध्या ती काळजी नाही.

मग डिझेलमध्ये कुठली? इथं पर्याय फार उरलेले नाहीत, कारण छोटी डिझेल गाडी हा प्रकारच संपत आलाय. २०२० च्या १ एप्रिलला बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने त्याच दिवसापासून डिझेल बंद केलं. ह्युंदाईनेही छोट्या गाड्यांतून डिझेल काढून टाकलं. नव्यात आज हॅचबॅक म्हणाल तर एकटी अल्ट्रोज. बीएस-६ नंतरच्या डिझेल गाडीत धूर अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. गावातल्या गावात भाजी आणायला वापरली की तो तुंबतो. बीएस-४ च्या बहुतेक छोट्या गाड्यांना ही कटकट नाही. म्हणून आमच्या बजेटातलं बाजारभर फिरणारं नाव एकच, १३०० सीसीचं मल्टिजेट.

हे इंजिन मूळ फियाटचं, इटलीचं. इथं मारुतीच्या स्विफ्टमध्ये ते २००७ ला आलं. मग डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो, अगदी शेवरलेच्या सेलमध्येसुद्धा तेच. गाड्यांवर लिहिणारे गंमतीने त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. फियाटचं पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनायचं. फायदा असा की तालुक्यातल्या कुठल्याही फिटरने ते शंभरदा खोललेलं असतं आणि पार्ट कुर्डुवाडीतही मिळतो. शेवरलेची बीट डिझेल लाख-सव्वा लाखात मिळत होती, मोह झाला. पण कंपनीने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली. तळेगावचा तिचा कारखानाही आता ह्युंदाईकडे गेला. स्वस्त गाडीचा पार्ट शोधत पुण्याला दोन चकरा झाल्या की ती स्वस्त राहत नाही. फोर्ड फिगोचंही तेच, गाडी मजबूत, पण कंपनी इथून गेलेली.

एजंटांची भाषा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, पेपर क्लिअर, फक्त बॅटरी टाकायची. मी अकरा गाड्या पाहिल्या, त्यातल्या चार डॉक्टरांच्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी होऊन नव्या छोट्या गाड्या बऱ्याच उतरल्या. एजंटाला म्हटलं, नवी गाडी स्वस्त झाली, जुनी का नाही? म्हणाला, "साहेब, तो जीएसटी नव्या गाडीचा."

त्याच एजंटाने नंतर मला बाजूला घेऊन एक स्विफ्ट दाखवली. २०१६ ची, डिझेल, नुसती चकचकीत, किंमत दोन लाख दहा. अशाच महाराष्ट्र पासिंगच्या गाडीला साडेतीन-पावणेचार. "दिल्ली पासिंग आहे, म्हणून. काम मी करून देतो."

हा प्रकार नीट समजून घ्या, कारण अशा गाड्या आपल्याकडे येत आहेत. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर आणायला बंदी घातली गेली. आधी हरित लवादाचा आदेश होता, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं सुरू झालं, चार दिवसांत थांबवलंही, पुढे न्यायालयातही त्याला वळणं मिळाली. यामुळे तिथं आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी मातीमोल होते. इथं मात्र तिला पंधरा वर्षांपर्यंत आयुष्य आहे. म्हणजे दिल्लीच्या हवेसाठी केलेला नियम बार्शीच्या बाजारातला भाव ठरवतो. तिथला धूर कमी होतो आणि गाडी इथं येऊन धूर सोडते. दिल्लीकरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिथल्या पोरांनाही श्वास घ्यायचाच आहे. एवढंच की आपल्या पोरांचा हिशेब त्या आदेशात कुठं आलेला नाही.

आणि स्वस्तही ती दिसते तेवढी नसते. तिथली एनओसी, इथला एकरकमी रोड टॅक्स (महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला तेरा टक्के, पेट्रोलला अकरा, जुन्या गाडीला वयानुसार घट मिळते), नवा नंबर, एजंटाची फी. "काम मी करून देतो" मध्ये हे सगळं दडलेलं असतं. एनओसी हातात नसताना टोकन दिलेले दोघं जण माझ्या माहितीत आहेत. एकाची गाडी वर्षभर दारात उभी आहे, नंबर अजून दिल्लीचाच.

किमतीचा दुसरा धागा आरसीवर असतो, वैधतेची तारीख. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, तीही पाच-पाच वर्षांसाठी. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला त्याची फी पाच हजार झाली, आधी सहाशे होती. वर पर्यावरण कर, आणि गाडी पास करून घेण्यासाठी जे काम निघेल ते. त्यामुळे मी प्रत्येक गाडीची किंमत उरलेल्या वर्षांनी भागून बघत होतो. २०१२ ची पावणेदोन लाखांची आणि २०१५ ची पावणेतीन लाखांची, यात पहिली स्वस्त वाटते. पहिलीला दीड वर्ष उरलंय, दुसरीला साडेचार.

शेवटी जी घेतली ती रिट्झ. २०१५ ची, एमएच-१२, दुसरा मालक, ९२ हजार किलोमीटर. मी स्विफ्टच्या बाजूचा होतो. बायको म्हणाली, "तुम्ही मायलेज बघा, मी आईंना बसवून बघते." स्विफ्टमध्ये आई बसली, पण उतरताना दोघांनी हात द्यावा लागला. रिट्झची बैठक उंच, दार मोठं उघडतं. आई आपली आपण बसली, आपली आपण उतरली आणि म्हणाली, "ही बरी हाय." गाडीच्या निवडीवर मी यूट्यूबचे तासन् तास बघितले होते. हा मुद्दा त्यात कुठंच नव्हता.

तपासणीला आमच्या फिटर चाचांना पुण्याला घेऊन गेलो. दिवसाची मजुरी आणि जेवण दिलं, या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात शहाणा खर्च तो. चाचांनी मालकाला आदल्या रात्रीच फोन करायला लावला, "आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." डिझेल गाडी थंड असतानाच खरं बोलते. गरम करून ठेवलेलं इंजिन कुणाचंही एका चावीत चालू होतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं, मग चावी मारली. ऑइलचं झाकण उघडून धूर फेकतंय का पाहिलं. रेस देऊन मागचा धूर पाहिला. चाचांच्या मते काळा असेल तर डिझेलचं काम, निळा असेल तर ऑइल जळतंय आणि मग सरळ घरी जायचं. टर्बोची शिट्टी ऐकली. इंजेक्टरच्या बुडाशी काळं साचलंय का ते बॅटरी लावून पाहिलं. मीटरकडे त्यांनी बघितलंच नाही. क्लचच्या पॅडलचं रबर बघितलं, ड्रायव्हरच्या सीटची कड बघितली, मग म्हणाले, "नव्वद असंल." मी सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढल्या, शेवटची ८७ हजारांची होती. पुढचं सस्पेन्शन आणि क्लच प्लेटचं काम चाचांनी तिथंच काढलं, त्यावर मालकाने वीस हजार कमी केले. दोन लाख पंच्याहत्तरला व्यवहार झाला.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते बघा. ई-चलन बघा, या गाडीवर साडेचार हजारांची निघाली, मालकाने भरली. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे नवी एचएसआरपी पाटी लागते, मोटारीला ७४५ अधिक जीएसटी, ती लावली आहे का विचारा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि विकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. सह्या करून कोरे फॉर्म २९-३० एजंटाच्या हातात दिले की आपलं काम संपलं असं समजतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत मालक तुम्हीच. उद्या तिच्याखाली कुणी आलं तर भरपाईसाठी कोर्ट आरसीवरचं नाव बघतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आमच्या मालकाला हे माहीत होतं, त्याने नाव चढल्याचा स्क्रीनशॉट येईपर्यंत रोज फोन केला. मला राग नाही आला.

धुराचं राहिलं. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. पीयूसी कशी मिळते हे मी सांगायला नको. एके ठिकाणी गाडी न आणता मिळते, त्याची बातमीही मी केली होती. हे ठाऊक असून डिझेल घेतली, कारण आईचं इंजेक्शन आणि शाळेची घंटा दोन्ही आत्ताची आहेत. साडेनऊची एसटी रोज साडेनऊला आली असती तर या गाडीचे सतराशेतले तेराशे किलोमीटर निघालेच नसते.

गाडी येऊन सात आठवडे झाले. बायको चालवते, तिच्यासोबत त्याच रस्त्यावरच्या दोन बाई येतात आणि डिझेलची वाटणी देतात. वाटणीच, भाडं नाही. खासगी गाडीत सीटमागे पैसे घेतले तर तो परवान्याचा विषय होतो, हे मी तिघींनाही सांगून ठेवलंय. मायलेज टाकी फुल टू फुल मोजलं, १९.४ आलं. सस्पेन्शन, क्लच आणि ऑइल मिळून सतरा हजार गेले. पुढचे दोन टायर चाचा म्हणतात संक्रांतीपर्यंत चालतील.